सतरा नंबरच्या क्लिपमधली शालनआत्या

शालनआत्या व्हिडिओतून यायला तयार नव्हती, म्हणून सतरा नंबरची क्लिप बासष्ट टक्क्यांवर अडकून बसली होती.

मंगळवार होता. रविवारी बाबांची पंचाहत्तरी. सांगलीतला हॉल ठरला होता, जेवणाचं सांगून झालं होतं आणि जेवणाआधी वीस मिनिटांची फिल्म दाखवायची असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले होते. जुन्या फोनमधल्या त्रेचाळीस क्लिपा संगणकात घ्यायच्या, कापायच्या, जोडायच्या, एवढंच काम. बेचाळीस आल्या. सतरावी येईना.

आणि मला हवी होती ती सतरावीच. बाबांना कॅमेरा दिसला की ते फोटोतल्यासारखे ताठ उभे राहायचे आणि तोंड मिटून घ्यायचे. बेचाळीस क्लिपांमध्ये बाबा आहेत, पण बोलत नाहीत. आमच्या वास्तुशांतीला काढलेल्या सतराव्या क्लिपमध्ये तेवढे ते बोलतात, कारण फोन चालू आहे हे त्यांना कळलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. तेव्हापासून बाबा पाटीवर लिहितात. त्यांचा आवाज जगात त्या एका क्लिपमध्ये उरला होता, एक मिनिट चाळीस सेकंद.

पडद्यावर चौकट आली होती. 'फाइल सुस्थितीत आहे. तथापि आतील मंडळींपैकी सौ. शालनताई यांना रीतसर आमंत्रण न गेल्याने त्या येण्यास राजी नाहीत.' खाली 'ठीक आहे' असं एकच बटण होतं. ते मी दाबलं. चौकट गेली, बासष्ट टक्के तसेच राहिले.

माझे यजमान विद्याधर यांना अशा वेळी फार उत्साह येतो. ते म्हणाले, "फॉरमॅटचा घोळ असणार. बदलून बघ." बदलून बघितला. 'रूपांतरानंतरही शालनताईंचे मत कायम आहे.' केबल बदलली, फाइलचं नाव बदललं, संगणक बंद करून चालू केला. मत कायम. मग विद्याधरनी क्लिप एका फोनवर लावली आणि दुसऱ्या फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करून घेतला. ती फाइल टाकल्यावर उत्तर आलं, 'शालनताईंना मागल्या दाराने आणण्याचा प्रयत्न झाल्याची नोंद घेतली आहे.'

बुधवारी माझ्या हातून मोठी चूक झाली. क्लिपमध्ये आत्या सोफ्याच्या उजव्या टोकाला बसली आहे, तेव्हा उजवीकडचा भाग कापून उरलेलं तरी घ्यावं असं मला वाटलं. कापण्याचं बटण दाबलं, आणि यादीतल्या तीन क्लिपा काळ्या पडल्या. नववी, बाविसावी आणि एकतिसावी. तिन्हींत आत्या होती. संध्याकाळपर्यंत तिच्या मुलांच्या क्लिपा गेल्या, मग सुनांच्या. गुरुवारी सकाळी बेचाळिसांतल्या एकोणीस क्लिपांनी पाठिंबा म्हणून अंग काढून घेतलं होतं. आमच्याच लग्नाच्या क्लिपमधून आधी वऱ्हाड गेलं आणि मग भटजी. मी आणि विद्याधर तेवढे हार घेऊन उभे होतो.

रविवारी दीडशे माणसांपुढे काळा पडदा दाखवायचा, आणि तोही बाबांच्या समोर? मी मदत केंद्राला फोन लावला.

"नमस्कार, इम्पोर्ट विभाग, मानपान कक्ष. बोला," एक बाई शांतपणे म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. त्यांनी फाइलचा क्रमांक, लांबी आणि आत्याचं माझ्याशी नातं विचारून घेतलं.

"सख्ख्या आत्या?"

"सख्ख्या. बाबांच्या पाठच्या."

"त्या क्लिपबाहेरही आहेत का?"

"आहेत की. तासगावला असतात. तब्येत ठणठणीत आहे."

"मग रविवारच्या कार्यक्रमाचं आमंत्रण बाहेरच्या शालनताईंना गेलंय?"

"अहो, त्यांना वेगळं आमंत्रण कशाला? त्या घरच्याच आहेत. ग्रुपवर टाकलंय की."

पलीकडे त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "आमच्याकडच्या दहातल्या नऊ तक्रारी इथूनच सुरू होतात. आधी बाहेरच्यांना बोलवून या. तोवर क्लिपला हात लावू नका. आणि कापाकापी अजिबात नको."

शुक्रवारी सकाळच्या एसटीने तासगावला गेले. पत्रिका, नारळ, खण, अक्षता, सगळं घेतलं होतं. आत्या दारातच शेंगा निवडत बसली होती. मला बघून तिने सूप बाजूला सारलं.

"आलीस व्हय? ये, बस की. उन्हातनं आलीस, आधी पाणी घे."

मी पत्रिका तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावून पुढून वाचली, मागून वाचली, पाकिटावरचं स्वतःचं नाव वाचलं आणि पत्रिका देवापुढे नेऊन ठेवली.

"येते गं मी. न यायला काय झालं?"

मला हायसं वाटलं. मी तिला क्लिपचं सांगितलं आणि म्हटलं, "आता तूच तिला समजाव, आत्या. तुझं ऐकेल."

"कोण, ती? छ्या. अकरा वर्षांमागची मी आहे ती. राग ताजा आहे तिचा. माझा आता निवत आलाय, म्हणून मी येते म्हणाले. ती नाही यायची." आत्याने पुन्हा सूप ओढलं. "आणि चूक नाही हो तिचं. त्यात दादा काय बोललाय ते ऐकलंस का तू?"

"शंभर वेळा ऐकलंय."

"काय बोललाय?"

मला सांगता येईना. मी फोन काढून क्लिप लावली. कॅमेऱ्याच्या मागून कुणीतरी विचारतं, तासगावला पत्रिका धाडली होती का? आणि बाबा त्यांच्या भरदार, हसऱ्या आवाजात म्हणतात, "शालनला कसली पत्रिका? ती घरचीच. हाक मारली की येते!" सगळे हसतात. उजव्या टोकाला आत्या हातातल्या ताटाकडे बघत बसली आहे.

चौदा महिने मी ही क्लिप रोज ऐकत होते. मी आवाज ऐकत होते. शब्द एकदाही ऐकले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली.

"हाक मारली की येते म्हणाला," आत्या म्हणाली. "मारली का गं हाक कधी? वास्तुशांत आहे हे मला वाण्याच्या दुकानात कळलं. तरी आले. भाऊ आहे म्हणून आले. ज्यानं बोललं त्यानंच बोलवायला पाहिजे तिला. आणि तोंडानं."

"बाबांना आता तोंडाने नाही बोलता येत, आत्या."

"मला माहीत आहे गं बाई," ती म्हणाली आणि डोळे पुसले. "पण तिला कुठं माहीत आहे? तिच्या दादाचा आवाज अजून घुमतोय तिथं."

संध्याकाळी मी परत मदत केंद्राला फोन केला. त्याच बाई होत्या. म्हणाल्या, आतल्या व्यक्तीने तोंडी आमंत्रण मागितलं असेल तर लेखी चालत नाही. मी विचारलं, क्लिपमधलाच बाबांचा आवाज काढून त्याचं आमंत्रण करता येईल का? त्या म्हणाल्या, येईल, पण त्यासाठी आधी क्लिप आत यावी लागेल. मी म्हटलं, क्लिप आत यावी म्हणून तर आमंत्रण हवंय. "बरोबर," त्या म्हणाल्या, "तुमच्या लक्षात आलंय."

बाबा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. शनिवारी दुपारी मी त्यांना वर आणलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी क्लिप ऐकली, पुन्हा ऐकली. मग पाटीवर लिहिलं, 'मी असं बोललो?' मी मान हलवली. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, 'गाढव आहे.'

मग त्यांनी मोठ्या अक्षरात 'शालन, ये. तुझा दादा' असं लिहून पाटी पडद्यासमोर धरली. चौकट आली, 'लेखी आमंत्रण पोहोचले. तोंडी आमंत्रणाची प्रतीक्षा आहे.' यादीतल्या आणखी दोन क्लिपा काळ्या पडल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आवाज अगदीच येणार नाही असं नव्हतं. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या बाईंनी बाबांना शिकवलं होतं, हवा गिळायची आणि अन्ननलिकेतून परत सोडताना शब्द करायचा. बाबांनी दोनदा करून पाहिलं. दुसऱ्या वेळी बाजूच्या खाटेवरचं लहान मूल घाबरून रडलं. त्या दिवशी बाबांनी विद्याधरकडून पाटी मागवली आणि पुन्हा प्रयत्न केला नाही. आम्हीही त्यांना कधी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मलाच तो आवाज ऐकायचा नव्हता.

बाबांनी पाटी टेबलावर पालथी ठेवली. खुर्ची पुढे ओढली. हवा गिळली. तोंड उघडलं, पण नुसतीच हवा निघाली.

'आवाज पोहोचला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

दुसऱ्या वेळी त्यांना ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, "बाबा, राहू दे. नको फिल्म." विद्याधरही म्हणाले, "राहू द्या, आपण फोटो लावू." बाबांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. तिसऱ्यांदा हवा गिळली आणि लोखंडी ट्रंक फरशीवरून ओढावी तसा आवाज आला.

"शालन. ये."

चौकट आली, 'आवाजाची ओळख पटत नाही. आतील व्यक्तीकडे विचारणा सुरू आहे.'

आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. दोन मिनिटं झाली, चार झाली. बाबांच्या मानेवर घाम आला होता. ते पदवीचा निकाल लागायचा असावा तसे गुडघे आवळून बसले होते. मला वाटलं, ती नाही म्हणाली तर हे पुन्हा कधीच तोंड उघडणार नाहीत.

'ओळख पटली. दादाच आहेत.'

मग त्रेसष्ट, सत्तर, पंच्याऐंशी, शंभर. एकामागून एक काळ्या क्लिपा उजळल्या. आमच्या लग्नात भटजी परत आले आणि जिथे थांबले होते तिथून मंगलाष्टकं सुरू केली.

रविवारी फिल्म ठरल्या वेळी सुरू झाली. बाहेरची शालनआत्या पहिल्या रांगेत, बाबांच्या शेजारी बसली होती. सतरावी क्लिप लागली तेव्हा मी भिंतीशी उभी होते. पडद्यावर कुणीतरी पत्रिकेचं विचारलं. अकरा वर्षांनी तरुण बाबा वळले, हसले, आणि त्यांच्या भरदार देहातून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, "शालन. ये." सोफ्याच्या टोकावरची आत्या ताट खाली ठेवून उठली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. क्लिप तिथे संपली.

मी दीडशे चेहऱ्यांकडे पाहिलं. कुणालाही काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही. दोन-तीन बायका डोळे टिपत होत्या. आत्या शेजारणीला म्हणाली, "पहिल्यापासनं असाच आवाज दादाचा. वडिलांचाही असाच होता." आचारी दारातून विचारत होता, पानं मांडू का?

मी हॉलच्या मागच्या खोलीत जाऊन जुना फोन उघडला. मूळ क्लिप लावली. त्यातही तेच होतं. विद्याधरनी माझ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलेला आवाज लावला, तोही तसाच. मी मूळ क्लिप तीन वेळा लावली आणि मग मदत केंद्राला फोन केला. मदत केंद्र रविवारीही चालू असतं.

"मूळ प्रत सुधारली जाते, मॅडम," बाई म्हणाल्या. "एका माणसाचे दोन आवाज यंत्रणेत ठेवता येत नाहीत."

"पण आधीचा आवाज कुठे गेला?"

"तो कसा होता, जरा वर्णन कराल का? फॉर्ममध्ये लिहावं लागतं."

मी सांगायला तोंड उघडलं. भरदार होता, एवढं मला आठवत होतं. म्हणजे तसा शब्द मला आठवत होता. तो कानात आणायचा मी खूप प्रयत्न केला. डोळे मिटले, बाबा मला शाळेच्या फाटकातून हाक मारताहेत असं आठवून पाहिलं. फाटक दिसलं, बाबा दिसले.

"मॅडम, ऐकताय ना? तक्रार नोंदवायची आहे का?"

तेवढ्यात हॉलमधून, पंगतीच्या गोंगाटातून, कुणीतरी ट्रंक ओढली.

"वैजू!"

"आले बाबा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.