संगणकाच्या वेशीवरील तोतयाचा बंदोबस्त

श्री. जे डोळ्यांदेखत घडले, जे भिंतीआडून ऐकिले आणि जे घरच्या मंडळींनी एकमेकांवर ढकलिले, ते सर्व मनास आणून, कोणाची भीड न धरिता ही हकीकत लिहिली असे. मोठमोठ्या लढाया लिहिणारे बहुत. परंतु घरच्या संगणकाचे वेशीवर एक नाव अडून बसले आणि त्यापायी दोघी वृद्ध बहिणींची भेट तुटली, याची दाद कोणी घेतली नाही. सबब लेखणी उचलणे प्राप्त जाहाले.

घरचे यजमान, राजमान्य राजश्री चष्मेबहाद्दर, चष्म्यांचे दुकानी नेत्रपरीक्षेचे गादीवर कायम. दिवसभर गिऱ्हाइकास खुर्चीत बसवून भिंतीवरील अक्षरे वाचवून घ्यावी आणि आपण गिऱ्हाइकाचे तोंडाकडे पाहावे, ऐसा त्यांचा शिरस्ता, तेणेकरून स्वतः काही वाचावयाची सवय समूळ मोडली. संगणकाने काही पुसिले तर न वाचताच 'होय' दाबून मोकळे होत. त्यांचे कुटुंब, वज्रचूडेमंडित सौभाग्यवती, घरीच शिवणकामाचा कारखाना चालवीत. आणि तिसऱ्या आत्याबाई, यजमानांचे वडिलांची धाकटी बहीण. आत्याबाईंची थोरली बहीण दूरदेशी लेकाकडे राही, प्रकृतीने ठीक, परंतु स्मरण अंमळ विरळ जाहालेले. उभयतां बहिणींनी रोज दुपारी संगणकाचे पडद्यावर भेटावे, ऐसा करार. आत्याबाईंची रीत ऐसी, की यंत्राची कळ दाबावी, आणि ते डोळे चोळीत जागे होईतो स्वयंपाकघरात जाऊन चहा करावा, मग पेला घेऊन येऊन बसावे, तो थोरली पडद्यावर हजर. यंत्र जुने, म्हणोन ही रीत पडली, आणि पडली ती पडलीच.

ऐसे सुरळीत चालले असता सौभाग्यवतींचे धाकटे बंधू सुटीस पाहुणे आले, आणि चार दिवस जेवून खाऊन जाते समयी, "ताई, तुमचं मशीन फार जुनाट झालंय, नवीन सिस्टिम टाकून देतो," ऐसे अभय देऊन, जुन्या सिस्टिमचे शेजारी दुसरी वसवून गेले. तेव्हापासून यंत्र सुरू होताच वेशीवर काळा पडदा, त्यावर दोन नावे. यंत्र क्षणभर वाट पाही, आणि कोणी बोट न लाविले तर वरचे नावाचा, म्हणजे नव्याचाच, अंमल बसवी. नव्याचे मुलखात थोरलीची भेट घडविण्याची सोयच नाही. आत्याबाई चहा घेऊन येत, परका मुलूख पाहत, आणि "आज लागत नाही वाटतं" म्हणोन यंत्र बंद करून एकट्याच चहा पीत. तक्रारीचे अवाक्षर नाही. ऐसे बहुत दिवस गेले, आणि मग एके दुपारी सौभाग्यवतींनी पेला तसाच निवलेला पाहिला, आणि खोदून खोदून पुसिले, तेव्हा कोठे घरात वर्दी पोहोचली.

खलबत बसले. मेव्हण्यांस पुसावे, ऐसी सौभाग्यवतींची मसलत. ती यजमानांनी झिडकारिली. "त्याला काय विचारायचं? त्यानंच तर घोळ घातलाय," ऐसे बोलोन सुटीचे दिवशी स्वतः मोहिमेस निघाले, आणि संगणकाचे पोटात शिरून नव्या सिस्टिमचा सारा सुभा एका तडाख्यात पुसून काढिला. यंत्राने मध्ये लांबलचक काही पुसिले. यजमानांनी 'होय' दाबिले. पुन्हा पुसिले, पुन्हा 'होय'. फत्ते जाहाली म्हणोन मिशांवरून हात फिरविला आणि यंत्र नव्याने सुरू केले, तो वेशीवर दोन्ही नावे जैशीच्या तैशी! धनी बुडाला, मुलूख बेचिराख, परंतु त्याचे नाव तोतयाप्रमाणे पहिल्या मानाचे जागी उभे. आणि आता तर यंत्र त्या नावास भुलून आत जाई, आत कोणी न सापडे, आणि निळा पडदा पसरून दिलगिरी जाहीर करी. यजमान हवालदिल जाहाले.

मग तह ठरला, की चहाचे वेळी सौभाग्यवतींनी वेशीवर खडा पहारा करावा आणि खालचे नाव निवडावे. दुसरेच दिवशी एक वकीलसाहेब कोटाचे मापास आले, आणि सौभाग्यवती तोंडात टाचण्या धरून "हलू नका हं" म्हणताहेत, तो आतले खोलीत निळा पडदा पडला. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे गं. ती तरी कुठं रोज लक्षात ठेवते." म्हणाल्या खऱ्या, परंतु तोंड फिरवून म्हणाल्या. त्याच संध्याकाळी थोरलीचे लेकाचा यजमानांस निरोप आला. "आई रोज वेणी घालून स्क्रीनसमोर बसते. आज म्हणाली, ती माझ्यावर रुसलीय, उद्यापासून मी नाही बसणार." हे ऐकताच यजमानांचा ताठा पार उतरला. खोटे कशास लिहावे, डोळेही भरून आले.

तत्क्षणी मेव्हण्यांस फोन गेला. मेव्हणे हासले, हा त्यांचा दुसरा अपराध. परंतु भेद सांगितला तो खरा. "भाऊजी, घर पाडलंत, पण दारावरची पाटी तशीच ठेवलीत." पाट्यांची यादी अमुक खिडकीत, तेथून मेलेल्याची पाटी काढावी, आधी जित्याचे नाव पहिले करावे, आणि सांभाळावे, कारण जित्याची पाटी निघाली तर घरच उघडणार नाही. आणि नावे? तर मेव्हण्यांनी आळसाने दोन्ही एकच ठेविलेली, आणि यादीतील क्रम वेशीप्रमाणेच असेल याचा भरवसा नाही.

यजमानांनी यादीची खिडकी उघडली. मग त्यांनी आपले खरे शस्त्र काढिले. सौभाग्यवतींस खुर्चीत बसविले, आपण बाजूस उभे राहिले, आणि दुकानचे आवाजात हुकूम केला, "वाच."

"दोन्ही सारखंच आहे की."

"घाई नको. आता सांग, पहिली ओळ आणि दुसरी ओळ, काही फरक दिसतो?"

सुईत दोरा ओवणारी ती नजर. सौभाग्यवतींनी पडद्यास नाक लाविले आणि म्हणाल्या, "खालच्या ओळीत शेवटी कंसात बारीक लिहिलंय. 'सध्या चालू'."

जित्याचा पत्ता लागला! त्यास पहिला मान दिला, मेलेल्याचे नावावर तोफ रोखिली. यंत्राने काही पुसिले आणि यजमानांचे बोट सवयीने 'होय'वर धावले, तो सौभाग्यवतींनी मनगट धरिले. "आधी मला वाचू द्या." मग अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचिले, यजमानांनी जन्मात प्रथमच शेवटपर्यंत ऐकिले, आणि मगच 'होय' जाहाले.

दुसरे दुपारी आत्याबाईंनी कळ दाबिली आणि रीतीप्रमाणे स्वयंपाकघरात गेल्या. यजमान दुकान सोडून आलेले, हात पाठीशी बांधून उभे. काळा पडदा आला नाही, कोणी काही पुसिले नाही, यंत्र सरळ घरात गेले. आत्याबाई बसतात तो घंटी वाजली. थोरलीस लेकाने समजूत घालून बसविलेले, केस मोकळेच.

"रुसली होतीस ना माझ्यावर?"

"नाही गं. दारातच अडकले होते."

"मग हाक मारायचीस की."

आत्याबाई पदराने डोळे टिपून इतकेच म्हणाल्या, "चुकलंच माझं."

येणेप्रमाणे तोतयाचे नाव वेशीवरून खारीज होऊन तेथे जुन्या सिस्टिमचा निर्वेध अंमल बसला, हे कायम नोंदिले असे. त्याच रात्री आत्याबाईंनी जाहीर केले, की येथून पुढे काही अडले तर त्या गप्प बसणार नाहीत. तो हुकूम दुसरे दिवशी सकाळीच अंमलात आला, प्रथम नळाचे बाबतीत, मग पंख्याचे, मग यजमानांचे घोरण्याचे. आणि यजमान प्रत्येक हाकेस, काही एक न कुरकुरता, धावत जातात.