सोळा तारखेला गाडी कुणीच मागवत नाही

दिघीच्या खाडीपासून बोर्ली पंचतनच्या बाजारापर्यंत जेवढी गुपितं आहेत तेवढी मी उलगडलेली आहेत. जी उलगडली नाहीत ती मुळात गुपितं नव्हतीच, असा माझा निष्कर्ष आहे. माझं नाव हरेश्वर. चौतीस वर्षं मी या गावच्या शाळेत गणित शिकवलं. खडू कुणी पळवला, बाकावर नाव कुणी कोरलं, कुणाचे आजोबा एकाच वर्षात तिसऱ्यांदा वारले, हे सगळं मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत असे. निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाऊ नये म्हणून ओटीवर पाटी लावली : 'तपास करून मिळेल.' माझी पत्नी गोदू म्हणते, त्याखाली 'वेळ असल्यास' लिहायला हवं होतं, म्हणजे लोकांना निदान मी कामात आहे असं वाटलं असतं. गोदू माझी सहायक आहे. हे पद मी तिला चार वर्षांपूर्वी दिलं. तिने अजून स्वीकारलेलं नाही.

तेरा तारखेला, मंगळवारी सकाळी, सुचिता लॅपटॉप छातीशी धरून ओटीवर आली. सुचिता माझी जुनी विद्यार्थिनी आणि नीराबाईंची मुलगी. नीराबाई म्हणजे आमच्या गावच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. इंजिनिअर होऊन सुचिता गावी परतली आणि तिने गटासाठी एक वेब ॲप बांधलं. बायकांनी आपल्या फोनवर दिवस नोंदवायचा, त्या दिवशी परेशने टेम्पो घेऊन धक्क्यावर यायचं आणि मासळी बोर्लीच्या बाजारात पोचवायची. एवढं साधं काम.

"गुरुजी, माझं ॲप बिघडलंय," ती म्हणाली. "आणि कुठे बिघडलंय ते सापडत नाही."

"बस. सुरुवातीपासून सांग."

"दोन महिने गाडीचा दिवस चुकतोय. चार तारखेला तर आई सात टोपल्या बांगडा घेऊन धक्क्यावर उभी राहिली. गाडी आलीच नाही. बांगडा शेवटी खतात गेला. काल बारा तारखेला परेशदादा गाडी घेऊन आला, तर धक्क्यावर एक टोपली नाही. येत्या रविवारी गटाची बैठक आहे. ॲप ठेवायचं की वहीवर जायचं, ते ठरणार. वही ठरली तर मी सोमवारी ऐरोलीच्या कंपनीत रुजू होते. त्यांनी शेवटची मुदत दिलीये."

"तुला जायचंय?"

"नाही," ती म्हणाली आणि लॅपटॉपच्या कडेला चिकटलेला खवला नखाने काढू लागली.

आतून गोदू म्हणाली, "मग नीट शोधा. पोर जाईल."

आता या ॲपच्या जन्माशी माझा जवळचा संबंध आहे, हे नम्रपणे सांगितलं पाहिजे. ते बांधताना साधनं निवडायला सुचिता माझ्याकडेच आली होती. ॲप ज्या भाषेत लिहितात त्या जावास्क्रिप्टमध्ये लायब्ररी म्हणतात ती पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम म्हणजे लायब्ररी. घरी जाळं विणायला महिना लागतो, विणलेलं आणलं की दुसऱ्या दिवशी समुद्रात. फक्त आणताना बघायचं, आपल्याला धरायचं काय आहे. मांदेलीसाठी शार्कचं जाळं आणलं तर मांदेली भोकातून निघून जाते आणि होडी जाळ्याच्या वजनानेच बसते. हे मी पाचवीच्या मुलांना सांगितलं असतं तरी समजलं असतं, म्हणून तुम्हालाही सांगितलं.

सुचिताने तेव्हा विचारलं होतं, "गुरुजी, रिॲक्ट घेऊ, व्ह्यू घेऊ, की स्वेल्ट?"

मी तिघांची वर्तणूक विचारली. ती म्हणाली, तिघेही चांगले. मी सांगितलं, जो कमी बोलतो तो घे. तिने एक घेतला. कोणता ते आता आठवत नाही, पण निवड माझी होती.

तारखेसाठी मात्र तिने एक देखणं कॅलेंडर आणलं होतं, तयार लायब्ररीतलं. बोट लावलं की अख्खा महिना उघडायचा. नीराबाईंच्या जुन्या फोनवर तो उघडेपर्यंत बांगड्याचा रंग बदलायचा. दोन महिन्यांपूर्वी मी म्हणालो, "काढून टाक. एक चौकट ठेव, तिच्यात एक आकडा लिहू दे. एक ते एकतीस. आकडा उलटून गेला असेल तर पुढचा महिना धर. जड सामान हवंय कशाला?" सुचिताने आज्ञाधारकपणे कॅलेंडर काढलं. ॲप पिसासारखं हलकं झालं. त्या सल्ल्याचा मला आजही अभिमान आहे, असं मी त्या मंगळवारपर्यंत सांगत असे.

तपास मी परेशपासून सुरू केला. परेश मूळचा पेणकडचा, आगरी, घरच्या मिठागराला रामराम ठोकून टेम्पोत बसलेला. चार तारखेला त्याची गाडी पालीला दिसली होती, असा माझ्याकडे पुरावा होता. रविवार, बल्लाळेश्वराची गर्दी, भाडं चौपट. हेतू, संधी आणि चार चाकं, तिन्ही एका माणसाकडे.

"चार तारखेला तू पालीत काय करत होतास?" मी त्याच्या डोळ्यांत रोखून विचारलं.

"दर्शन घेतलं, गुरुजी. सासूला नेली हुती."

"आणि धक्क्यावर का आला नाहीस?"

"मोबाईलात बुकिंगच न्हवतं. बारा तारखेचं हुतं, बारा तारखेला आलो. धक्क्यावर एक मांजर बसली हुती. तिला विचारलं, बाजारात येतेस का. न्हाय म्हणली."

त्याने फोन पुढे केला. खरंच, नीराबाईंच्या नावापुढे बाराच आकडा होता. आणि नीराबाईंचं तर म्हणणं होतं की गाडी त्यांनी चारच्या दिवसालाच मागवली होती. परेश निर्दोष होता. मी त्याला तसं सांगितलं. त्याला आपण आरोपी होतो हे तेव्हाच कळलं, आणि मग तो चहा न घेता गेला.

दुसरा सिद्धान्त घरी सुचला. सुचिता म्हणाली होती की ॲप ज्या संगणकावर ठेवलंय तो परदेशात आहे आणि तिथलं घड्याळ वेगळं असतं, त्यामुळे कधीकधी तारीख एका दिवसाने घसरते. मी पाटीवर गणित मांडलं. एका फेरीला एक दिवस घसरतो. इथे चारचे बारा, म्हणजे आठ दिवस. याचा अर्थ नीराबाईंचं बुकिंग पृथ्वीभोवती आठ वेळा फिरून परेशकडे पोचलं होतं.

"आठ वेळा फिरेपर्यंत बांगडा राहतो का?" गोदूने विचारलं.

"बुकिंग फिरलं, बांगडा नाही."

"मग दुसरं एक उलट्या बाजूनं कसं फिरलं? शेजारच्या येसूबाईनं दहाला गाडी मागितली, तिला तीन तारखेची मिळाली."

मी पाटी पुसली आणि सिद्धान्त मागे घेतला. सहायकाने तपासात अडथळा आणल्याची नोंद केली.

बुधवारी सुचिताकडून दोन महिन्यांची सगळी बुकिंगं कागदावर लिहून घेतली. रात्री जेवल्यावर लगेच झोपलो आणि गुरुवारी सकाळी दात घासताना लख्ख प्रकाश पडला. एकाही बाईने सोळा, सतरा, अठरा, पुढचा कोणताच आकडा लिहिलेला नव्हता. एक ते पंधरा, बस. महिन्याचा अर्धा भाग बायकांच्या फोनमधून गायब झाला होता. आता ऐका, हे गणिताच्या माणसालाच कळावं. आपण दहा बोटांवर मोजतो. संगणकवाल्यांना सोळाच्या गटात मोजायची खोड असते, शून्य ते पंधरा, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सुचिताने आणलेल्या कुठल्यातरी लायब्ररीला पंधराच्या पुढे मोजताच येत नव्हतं.

मी सुचिताला निरोप धाडला, काळा फळा काढला आणि खळ्यावर गेलो, जिथे बायका मासळी सुकवतात. परेशही तिथेच होता, चहाची भरपाई घेत. नीराबाई जवळा पसरत होत्या. गोदूही आली, फळा एकट्याला उचलत नव्हता.

"बायांनो," मी खडू उचलला, "दहाऐवजी सोळा बोटं असती तर माणसानं कसं मोजलं असतं?"

"अंगठ्या जास्त लागल्या असत्या," नीराबाई म्हणाल्या. "बोला पुढं, हात चालू हायेत माझं."

मी अर्धा तास बोललो. मुलांना शिकवताना मी कधी घाई करत नाही. सुचिता कोपऱ्यात लॅपटॉप उघडून माझं म्हणणं तपासत होती आणि दर दोन मिनिटांनी, "गुरुजी, तसं काही दिसत नाही," असं हळूच म्हणत होती. शेवटी मी फळ्यावर मोठा प्रश्न लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

"तर मुख्य मुद्दा असा, की सोळा कुठे गेला?"

नीराबाईंनी सुपातला जवळा झटकला. "गुरुजी, सोळावी तीथ असते काय?"

सुचिताचे हात लॅपटॉपवर थांबले.

"आई," ती म्हणाली, "तू त्या चौकटीत काय लिहितेस?"

"तीथ. बाराशीला बोटी येणार व्हत्या, बारा लिवलं. येसूनं तिजेला तीन लिवलं."

"अगं, वर 'दिवस' लिहिलंय, म्हणजे तारीख."

"तारखेनं मला काय कळतंय? तारखेला काय पाणी ठाव असतं? तिथीची पाऊण पट केली की भरतीची वेळ कळते. अष्टमीला सहा वाजता. पाणी चढलं की बोट खाडीत शिरणार, बोट शिरली की गाडी पायजे. ह्यात तारीख कुठं आली?"

मी फळ्याच्या कोपऱ्यात आठ गुणिले तीन भागिले चार करून पाहिलं. सहा. पाचला पावणेचार. दहाला साडेसात. इतकं सुंदर गणित समोर सूप घेऊन बसलं होतं आणि मी चौतीस वर्षं गाडीला गाडी कधी भेटेल ते शिकवत होतो.

"मग चार तारखेला द्वादशी होती," गोदू म्हणाली. "माझा उपास त्याच्या आदल्या दिवशी होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

परेशने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, पहिलं ते क्यालेंडर हुतं तवा असं न्हवतं झालं. त्यात तीथ बारीक अक्षरात हुती, ह्या बायका तीच बघून बोट लावायच्या. ते कुणी काढलं?"

सुचिता माझी विद्यार्थिनी आहे, तिने लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. मी फळा पुसायला घेतला.

उरलेला गुरुवार आणि सगळा शुक्रवार सुचिता आमच्या ओटीवर बसली होती. तिथीसाठी तिने नव्या लायब्रऱ्या धुंडाळल्या. एक होती तिच्यात सूर्य, चंद्र आणि सगळे ग्रह आले होते, फोनवर उतरायलाच पौर्णिमा लागली असती. दुसरीत पाच वर्षांत कुणी हात घातला नव्हता. तिसरी बरी वाटली, पण ती कशी वापरायची ते लिहिणाऱ्याने लिहिलंच नव्हतं.

"पंधराने भाग जातोच की," मी म्हणालो. "सूत्र मांड."

"न्हाय चालायचं," उंबऱ्यावर बसलेल्या नीराबाई म्हणाल्या. "एखादी तीथ गळते, एखादी दोनदा येते."

शेवटी गोदूने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट काढून आणलं. ती वर्षाच्या तिथी एकेक वाचत गेली, सुचिता टंकत गेली, नीराबाई मध्येच म्हणत, "दोनदा हाय ना? दोनदाच लिव." बाहेरून एकही लायब्ररी न आणता काम झालं. आता चौकटीत आकडा टाकला की ॲप पुढची ती तिथी शोधतं आणि खाली तारीख, वार आणि भरतीची वेळ मोठ्या अक्षरात दाखवतं. मी फक्त ओळी मोजल्या. तीनशे पासष्ट भरल्या.

शनिवारी दशमी होती. पाणी साडेसातला चढलं, आठ वाजता परेश धक्क्यावर हजर होता आणि अकरा टोपल्या त्याची वाट बघत होत्या. मांजर पण होती.

रविवारी गटाची बैठक खळ्यावरच झाली. कुणी भाषण केलं नाही. येसूबाईंनी विचारलं, "पुढच्या सालाचं क्यालेंडर कोण भरणार?" त्यावर सगळ्या सुचिताकडे बघू लागल्या. नीराबाई बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तिला तिकडं एसीत बसायला मिळतंय. हिकडं खारा वारा. मी काय बोलनार न्हाय." मग एकेक हात वर झाला. ॲप राहिलं. नीराबाईंचा हात मांडीवरच होता.

तेवढ्यात सुचिताचा फोन वाजला. ऐरोलीहून होता. ती होड्यांपर्यंत चालत गेली. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत होतो आणि बघत नसल्याचं दाखवत होतो. चेहरा दिसत नसल्यामुळे मला निष्कर्ष काढता आला नाही. ती परत आली आणि आईसमोर बसली.

"काय म्हनले?" नीराबाईंनी विचारलं.

"उद्या किती वाजता येता, विचारत होते. मी म्हटलं, येत नाही."

"मग?"

"म्हणाले, तिथं असं काय काम आहे? मी सांगितलं, उद्या गाडी लावायचीये."

नीराबाईंनी पदराने तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड, जणू सगळं एकच काम होतं. मी मनातल्या मनात बारा गुणिले तीन करत होतो. भागिले चार करेपर्यंत त्या बोलल्या.

"उद्या बाराशी. पाणी नवाला. गाडी साडेनवाची लाव."

माझं उत्तरही नऊच आलं.