इंटरव्हलच्या आधी जटायू

राष्ट्रगीताला सगळेच उभे राहतात. आमचे शेषरावकाका सिनेमात म्हाताऱ्याला मार पडायला लागला की उभे राहतात.

तेही चांगले ताठ. मागच्या रांगेला पडदा दिसेनासा होतो. "ओ काका, बैठ जाओ ना!" असा ओरडा होतो, मानेवर एखादा पॉपकॉर्न येऊन आपटतो. काकांना त्याचं सोयरसुतक नाही. डावा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, उजवा हात अंधारात बाजूला काहीतरी चाचपडत असतो. पडद्यावरचा म्हातारा मेला की ते खाली बसतात आणि शेजारच्याला, मग तो ओळखीचा असो की नसो, सांगतात, "गेला जटायू. आता इंटरव्हल."

आणि खरोखरच दिवे लागतात.

हुडकेश्वरात काकांचं घर आमच्या घराला लागून आहे. नोकरी सगळी कोराडीच्या वीज केंद्रात, कोळशाच्या पट्ट्यावर गेली. रबराचा लांबच लांब पट्टा, त्यावरून कोळसा अखंड वाहत असतो आणि त्यातले दगड हुडकायचे, हे त्यांचं काम. मोठा धोंडा दिसला की पट्ट्याच्या कडेनं गेलेली दोरी ओढायची, की सगळा पट्टा जागच्या जागी थांबतो. निवृत्तीनंतर काका दर शुक्रवारी बाराच्या शोला जाऊन बसू लागले. मिश्या पांढऱ्या झाल्या, पण डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी काळी रेघ अजून आहे. ती कोळशाची.

त्यांचं म्हणणं एकच, "कोळसा तोच, पट्टा नवा." म्हणजे सिनेमे नवे, गोष्टी पुराणातल्याच. नदीत सोडलेलं पोर मोठं होऊन गुंड झालं, की तो कर्ण. बायकोच्या हट्टापायी मोठ्या मुलाला घराबाहेर काढणारा कारखानदार म्हणजे दशरथ. एकदा अंतराळयानाचा सिनेमा आला होता. कॉलनीतल्या पोरांनी मुद्दाम विचारलं, "काका, याच्यात काय पुरान हाय?" काका म्हणाले, "यान कोठंबी जाऊ दे गा, सीता पळवल्याबिगर त्याचं इंजन चालूच होत नाही." पोरं सिनेमा पाहून आली. सीता पळवली होती. मंगळावर.

याचा त्रासही होई. शेजारच्या जोशीबाई बुधवारी पुढच्या आठवड्याच्या सिनेमाची तिकिटं काढून मिरवत होत्या. काकांनी जाहिरातीचं चित्र पाहिलं न पाहिलं आणि निकाल दिला, "हा भाऊ फितूर होते पाहा. बिभीषन हाय." बाई वर्षभर बोलल्या नाहीत. भाऊ फितूर झाला होता, हा राग जास्त.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं काढते. तुंबलेल्या नालीवर काढलं, बंद दिव्यांवर काढलं. मला गोड लिहिता येत नाही. ते काम करणारे गावात पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी सिनेमावर पत्रक काढायचं ठरवलं. मथळा होता 'तिकीट नवं, विस्तव जुना'. मुद्दा सरळ होता: आजच्या सिनेमातही नायिकेलाच अग्निदिव्य करावं लागतं. कधी सासरी, कधी कोर्टात, कधी मोबाईलच्या व्हिडिओवरून. जन्मावरून माणूस ठरतो, आणि ज्याला रथ मिळतो तो आधीपासून राजपुत्रच असतो. हजारो वर्षांचं हे ओझं प्रेक्षकाच्या डोक्यावर ठेवून वर त्याच्याकडून टाळ्या घेतात. पुराव्यासाठी मला काकांसारखा साक्षीदार कुठे मिळणार?

काकांनी मसुदा चष्मा वर-खाली करत वाचला.

"बरोबर लिवलं वं. पन जटायूचं नाही लिवलं."

"काका, इथे बाईला जाळून राहिले आणि तुम्हाला पक्ष्याची पडली?"

"तिच्याचसाठी तं आडवा गेला थो! साऱ्या दंडकारन्यात एकटा म्हातारा आडवा गेला. त्याले पहिल्या अर्ध्यातच मारून टाकते. दर सिनेमात. वॉचमन असन, ड्रायव्हर असन, हिरोइनीचा आजा असन. गुंडायच्या आडवा गेला का मेला. मंग त्याच्या फोटोले हार, अन् हिरोले राग. म्हातारा काहून मरते? हिरोले राग यावा म्हनून!"

मी म्हणाले, हा मुद्दा वेगळ्या पत्रकाचा आहे. मला तेव्हा असंच वाटलं. पुरुषाला पुरुषाचंच दुःख दिसतं, असंही मी ऐकवलं. काका रागावले नाहीत. "शुक्रवारी चाल माह्यासंग," म्हणाले. "पट्टा पाहून घे."

गेले. प्रताप नगरच्या पुढे एका मॉलमधलं थिएटर. सिनेमात मुलीला उचलून नेणाऱ्या गाडीपुढे तिच्या शाळेचा म्हातारा शिपाई उभा राहिला. काकाही उभे राहिले. मी शरमेनं खुर्चीत रुतले. मागून पोरं ओरडत होती आणि काकांचा उजवा हात माझ्या कानाजवळ हवेत काहीतरी शोधत होता. शिपाई मेला. काका बसले. "गेला," म्हणाले.

उत्तरार्धात त्यांचं लक्ष नव्हतं. पण सिनेमा संपला, लोक उठले, तरी ते हलेनात. पडद्यावर नावं सरकत होती, आणि काका ओठ हलवत ती वाचत होते. प्रकाशयोजनेवाले, शिंपी, जेवण पुरवणारे, सगळे. झाडूवाल्या बाया आत आल्या तरी चालूच.

"नावं काहून वाचता, काका?"

"कोन्या कोन्या मानसाचा हात लागला हाय, थे पाहा लागते."

मला भरून आलं. कामगारांची नावं शेवटपर्यंत वाचणारा हा एकमेव प्रेक्षक! मी पत्रकात त्यांच्यावर एक परिच्छेद लिहिला: 'घाम गाळणाऱ्या अनाम हातांचा मान राखणारे ज्येष्ठ'. छापून आणलं आणि दुपारी घेऊन गेले.

काकांनी परिच्छेद वाचला आणि पत्रक उलटं ठेवलं.

"हे खोटं हाय पोरी. काढून टाक."

मग त्यांनी सांगितलं. जे सांगितलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत सांगितलं.

त्यांना मुलगा आहे, प्रफुल्ल. आई लहानपणीच गेली. कोराडीच्या क्वार्टरमध्ये बापलेक दोघंच. पाळीवरून आले की काका त्याला थोपटत गोष्ट सांगायचे. जटायू मेला की पोरगं रडायचं. इतकं की शेजारचे दार वाजवत. एक दिवस थकलेल्या बापानं जटायूला जगवला. "लक्ष्मनानं दाभन घेतलं, सुतळी घेतली अन् पंख शिवला. पन घाईत शिवला नं, थोडा आखूड झाला. मंग तवापासून जटायू सिधा उडतच नाही. डावीकडंच जाते. रामाले भेटाले निघाला का चक्कर मारून घरीच येते." पोरगं हसायचं आणि झोपायचं. पुढे रोज तीच गोष्ट.

तोच प्रफुल्ल इंजिनिअरिंग सोडून सिनेमा लिहायला मुंबईला निघाला. तेव्हा काकांनी त्याला आपलं नेहमीचं वाक्य ऐकवलं. "म्हनलं, सारं लिवून झालं हाय लेका. कोळसा तोच, पट्टा नवा. तू काय नवं लिवशीन? त्यानं पिशी उचलली अन् गेला."

दोन वर्षं त्याचे फोन येत होते, मग त्याचा नंबर बंद झाला. मोठ्या लेखकांच्या हाताखाली काम करतो, एवढं कुणाकडून तरी कळलं होतं. कोणत्या सिनेमात, ते नाही.

"मले त्याचं नाव भेटन तं भेटन. नाही तं जटायू भेटन. माह्या जटायूले थो मरू देनार नाही. थो ज्या सिनेमात जगला, थो सिनेमा माह्या पोराचा."

तेव्हा मला त्यांच्या उजव्या हाताचं कळलं. पट्टा थांबवायची दोरी शोधत होता तो. कोराडीला ती नेहमी उजवीकडे असायची.

परिच्छेद मी काढला. साऱ्या प्रती हातानं खोडून. आणि दर शुक्रवारी काकांबरोबर जायला लागले. ते उभे राहिले की मागे वळून ओरडणाऱ्यांशी भांडायचं खातं माझ्याकडे आलं. पत्रकबाजीचा घसा तिथे कामाला आला. कितीतरी शुक्रवारी कितीतरी म्हातारे मेले.

मग गेल्या महिन्यातला तो सिनेमा. भिकार होता, खरं सांगते. नायिकेला लिफ्टमधून पळवतात, म्हातारा लिफ्टमन दार अडवतो, खांद्यावर सुरा बसतो. काका उभे राहिले. म्हातारा पडला. काका बसले. इंटरव्हल. नेहमीचंच.

पण उत्तरार्धात एका शिंप्याच्या दुकानात दिवा लागला. टेबलावर लिफ्टमन पडलेला, आणि नायकाचा धाकटा भाऊ सुईत दोरा ओवत होता. दोरा जाड होता. काकांनी माझं मनगट धरलं. शेवटच्या प्रसंगात, लग्नघरात, म्हातारा नायकाकडे चालत आला आणि डावीकडे सरकत सरकत मांडवाच्या खांबाला धडकला. परत निघाला, परत डावीकडेच. सगळं थिएटर हसलं.

काका हसले नाहीत. उभेही राहिले नाहीत.

नावं सुरू झाली. अक्षरं बारीक, चाल भरधाव. काकांचे डोळे पाण्यानं भरलेले, म्हणून मीच मोठ्यानं वाचायला लागले. लेखनाची नावं वर येणार एवढ्यात पडदा काळा झाला. दिवे लागले. पुढच्या शोला उशीर होत होता, म्हणून नावं कापली!

मी मॅनेजरला गाठलं. माणसांची नावं कापायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, परत लावा, लावेपर्यंत मी इथून हलत नाही. तो म्हणत राहिला, "मॅडम, नेक्स्ट शो का पब्लिक खड़ा है." माझा आवाज चढत गेला. तेवढ्यात काकांनी बाही ओढली.

"राहू दे वं. भेटला दगड."

पार्किंगमध्ये आलो. काकांनी स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. खिशातून फोन काढला, त्यातला प्रफुल्लचा जुना, बंद पडलेला नंबर बराच वेळ पाहिला आणि फोन परत ठेवला. कोणताही सिनेमा सुरू व्हायच्या आधी शेवट सांगणारा हा माणूस. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं,

"जटायू जगला. आता पुढं काय होते वं? पोरगं तवरीक झोपून जाय. मी पुढचं कधी बनवलंच नाही."

मी मागे बसले. "डावीकडून घ्या, काका," म्हणाले.