छत्तीस पुड्या

ल्युसिलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोकं ठेवलं, शेजारी सुरी ठेवली आणि म्हणाली, "बस, नॉर्ब. कोट काढ आधी. चोरासारखा दारात काय उभा आहेस?"

नॉर्बर्टने कोट काढला. या घरात तो अकरा वर्षांनी आला होता. मधे एकदा, जानेवारीत, भावाच्या दफनाच्या दिवशी आला होता, पण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि कोपऱ्यात उभं राहून निभावता आलं. आज तो आणि वहिनी दोघंच होते. ल्युसिलने खसखशीचा केक कापला होता. त्याने बशी तशीच बाजूला सरकवली.

खोकं दोघा भावांचं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी नॉर्बर्ट आणि त्याचा थोरला भाऊ कॅझ काचेच्या कारखान्यात एकाच पाळीत होते. दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांचं अख्खं खोकं घेतलं; जुनं झालं की त्याला भाव येतो म्हणून. मेणकागदाच्या छत्तीस पुड्या, पुडीत पंधरा कार्डं आणि चुइंगमची एक कांडी. दोघेही निवृत्त होईपर्यंत उघडायचं नाही, अशी आईच्या समोर शपथ झाली.

खोकं आधी नॉर्बर्टकडे असायचं. अकरा वर्षांपूर्वी एक दिवस कॅझ आला. "तुझ्या घरात ओल आहे," म्हणाला आणि काखेत मारून घेऊन गेला. नॉर्बर्टने त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय, असं तो गावभर सांगत फिरला. संशय खोटा असता तर त्याला इतका राग आला नसता.

कारण खोकं घेतल्याच्या दुसऱ्याच हिवाळ्यात कारखान्याने त्याला घरी बसवलं होतं. तेव्हा एका दुपारी त्याने एक पुडी उघडली. मग दुसरी. अकराव्या पुडीत डेट्रॉइटच्या संघातल्या एका नव्या पोराचं किमती कार्ड निघालं. ते विकून त्याने गाडीला बर्फातले टायर घातले, पुडीत दुसरं कुठलं तरी कार्ड सरकवलं आणि बायकोच्या इस्त्रीने त्या अकरा पुड्या पुन्हा चिकटवल्या.

"ल्युसिल, बंद खोक्यालाच किंमत असते गं," तो म्हणाला.

"कॅझ जन्मभर हेच म्हणत होता. बंद ठेवता ठेवता तोच बंद झाला." तिने सुरी उचलली. "जाताना सांगून गेलाय, नॉर्बला बोलव आणि उघड."

"थांब, उजेडात बघू दे. झाकण शाबूत आहे का ते पाहतो." नॉर्बर्टने खोकं उचललं आणि मागच्या दाराकडे गेला. उजेडात नेऊन पुढे काय करायचं हे त्याने ठरवलेलं नव्हतं. ठरवायची वेळही आली नाही. पायरीवर मार्चमधला अर्धवट वितळलेला बर्फ होता. पाय घसरून तो पाठीवर आपटला, मनगट अंगाखाली आलं आणि खोकं अंगणातल्या गाळात उलटं पडलं.

ल्युसिल दारात येऊन उभी राहिली. "पाहिलंस का उजेडात?"

आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. कागद भिजला होता, पुड्या लगेच फोडल्या नाहीत तर आतल्या कार्डांचा लगदा झाला असता. सुजलेल्या मनगटावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवून नॉर्बर्ट एका हाताने फोडू लागला. ल्युसिल कार्डं पुसून टेबलावर, ओट्यावर, घर तापवणाऱ्या भट्टीच्या जाळीवर मांडत होती. प्रत्येकाबद्दल तिचं मत होतं.

"मिश्या. हाही मिश्यावाला. हा रडतोय का हसतोय? याला तर बॅट कुठून धरायची तेही ठाऊक नाही. पुन्हा मिश्या."

एक चुइंगमची कांडी तिने तोंडात टाकली. ती कौलासारखी फुटली. तिने ती निमूटपणे रुमालात थुंकली.

विसाव्या पुडीशी तिचा हात थांबला. कागदाच्या घडीवर तपकिरी डाग होता. तिने आधीचे कागदही चाळले. "नॉर्ब, हा इस्त्रीचा डाग. हे कोणीतरी आधीच उघडलंय." आणि लगेच म्हणाली, "कॅझ. दुसरं कोण? शपथ घेऊन वर ही लबाडी."

नॉर्बर्टच्या मनात आलं, गप्प बसलं की झालं. मेलेला भाऊ काही बोलायला येणार नव्हता. त्याने एकविसावी पुडी हातात घेतली, आणि ती त्याच्याने फोडवेना.

"कॅझ नाही," तो म्हणाला. "मी."

"काय मी?"

"मी उघडल्या. अठ्ठ्याऐंशी साली. चांगलं एकच कार्ड होतं, ते विकलं."

"किती उघडल्यास?"

"अकरा."

ल्युसिलने उरलेल्या पुड्या पुढ्यात ओढून एकेक पालथी केली. प्रत्येकीवर डाग होता. छत्तीसच्या छत्तीस.

"मग बाकीच्या कॅझनेच," नॉर्बर्ट म्हणाला. त्याला लाज वाटली, पण थोडं हलकंही वाटलं.

ल्युसिलने ओलं फडकं पिळलं. "कॅझला इस्त्री येत नव्हती," ती म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं त्याचे शर्ट मी केले. छप्पर गळत होतं, नॉर्ब. हा म्हणायचा, खोकं आहे ना आपलं. म्हटलं, आहे तरी काय त्यात, एकदा बघावं. सगळं बघितलं आणि परत चिकटवलं. नुसत्या मिश्या."

"आणि आता त्याच्यावर ढकलत होतीस?"

"तू बोलला नसतास तर ढकललं असतं."

दोघं कार्डं उलटवत बसले. भट्टीच्या उबेने ती कडांना वळू लागली होती.

"त्याने कधीच नाही उघडलं?" नॉर्बर्टने विचारलं.

"कधीच नाही. तळघरात हवेतली ओल मोजायचं यंत्र लावलं होतं, रोज जाऊन बघायचा. शेवटच्या आठवड्यात मला विचारलं, काय असेल गं आत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय माहीत."

नॉर्बर्टने मान हलवली. मग त्याने केकची बशी चांगल्या हाताने जवळ ओढली आणि एक तुकडा तिच्यासमोर सरकवला.