गच्चीवरच्या लघुग्रहाबाबत सर्व संबंधितांस

आपलं नाव मागे राहावं, ही प्रत्येक माणसाची उदात्त इच्छा असते. ते कशावर राहावं, याबाबत मात्र तो फारसा चोखंदळ नसतो. आमच्या इमारतीत बाक, लिफ्टचं दार आणि पाण्याची टाकी मिळून अकरा नावं आहेत. (त्यांतली दोन खिळ्याने कोरलेली असून तीच जास्त टिकली आहेत.)

अशा वातावरणात आमच्या दाजींना लघुग्रह सापडला. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते दातांच्या कवळ्या बनवतात आणि उरलेला वेळ गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून काढतात. ही दुर्बीण कमिटीच्या डोळ्यांत फार दिवस खुपत होती. तिच्यापायी कपडे वाळत घालायची एक दोरी कमी बांधावी लागते, असं कमिटीचं म्हणणं. "रविवारपर्यंत ती तोफ खाली न्या," असं सेक्रेटरींनी बजावलं, तेव्हा दाजींचा चेहरा पार उतरला. आमच्या खिडकीतून फक्त समोरच्यांचं स्वयंपाकघर दिसतं, आणि ते न्याहाळायला ताईची हरकत आहे.

रविवार उजाडायच्या आत तो ठिपका सापडला. आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो ओळीने लावले, तर सगळे तारे शहाण्यासारखे जागच्या जागी राहिले आणि हा एकटा सरकला. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला, आजवर कुणालाच न दिसलेला लघुग्रह! त्याची पक्की नोंद व्हायला काही वर्षं लागतात. नाव सुचवायचा मान मात्र शोधणाऱ्याचा असतो, ही बातमी तळमजल्यापर्यंत पोचायला एक दुपार पुरली.

नावाचे नियम सोपे आहेत. ते सोळा अक्षरांपेक्षा मोठं नसावं, शोधणाऱ्याचं स्वतःचं नसावं. पुढाऱ्याचं असल्यास त्याला जाऊन शंभर वर्षं झालेली असावीत. (आमचे अध्यक्ष थांबायला तयार आहेत.)

दुर्बिणीला ऐसपैस जागा म्हणून आणखी एक दोरी त्याच दिवशी निघाली. सेक्रेटरी स्वतः खुर्ची घेऊन वर आले. "दाजी, उभं राहून पाय दुखत असतील हो तुमचे. माझं काही नाही, पण नावाचं अडलंच कुठे तर संकोच करू नका." दाजी खुशीत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती.

मग लघुग्रहाची वैशिष्ट्यं कळली आणि दाजींनी ती भोळेपणाने सूचनाफलकावर लावली. आकार बटाट्यासारखा. रंग कोळशासारखा. स्वतःचा उजेड नाही. दुसऱ्याचा मिळतो, त्यातला शेकडा पाच भाग कसाबसा परत करतो. सूर्याभोवती एक फेरी मारायला चार वर्षं घेतो, पण स्वतःभोवती पाच तासांत फिरतो. हवा नाही, पाणी नाही, उपयोग नाही.

"अगंबाई, अगदी तुमचंच वर्णन आलंय की!" सेक्रेटरींच्या पत्नी फलकासमोर नवऱ्याला म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी आपापली नावं मागे घेतली आणि निःस्वार्थपणे दुसऱ्यांची सुचवली. अध्यक्षांनी सेक्रेटरींचं सुचवलं, सेक्रेटरींनी अध्यक्षांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सासूसुनांनी एकमेकींची नावं एकाच पाकिटातून पाठवली. (त्या घरात पहिल्यांदाच काटकसरीवर एकमत झालं.)

आता लघुग्रहाची किंमत उतरली, म्हणून सेक्रेटरी पुन्हा दारात उभे. "मग ती तोफ कधी नेताय खाली?"

दाजींनी हातातली कवळी पुन्हा घासायला घेतली. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नेऊ की, त्यात काय. आधी नाव पाठवून मोकळे होतो, म्हणजे डोक्याला ताप नको. तुमचं सोळा अक्षरांत बसतंय भाऊजी, मी मोजलंय."

सेक्रेटरी तडक वर गेले आणि दुर्बिणीवर ताडपत्री बांधून आले.

तेव्हापासून इमारतीत कमालीचा सलोखा आहे. लिफ्टमध्ये दाजींना आधी आत सोडतात. नोंद झाल्यावरही नाव द्यायला दहा वर्षांची मुदत असते, त्यामुळे दाजींना घाई नाही. दुर्बीण जिथल्या तिथे आहे.

आपण मघाशी सोळा अक्षरांपाशी थबकलात आणि हळूच बोटांवर आपलं नाव मोजलंत, ते आम्ही पाहिलं. बसतंय ना? छान. ताईने लिहून घेतलंय.