रामटेके काकांची योग्यता

रोज सकाळी आठ वाजता रामटेके काका साठ घरांची दारं वाजवायचे आणि प्रत्येक दारापाशी एकच प्रश्न विचारायचे, "अलाइव्ह?"

आतून "येस" आलं की पुढचं दार. काही घरांतून शिवी यायची. तेव्हा काका जास्तच खूश. "शिवी देऊन राह्यली म्हणजे बाईची तब्येत ठीक आहे."

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावापासून अर्ध्या तासावरच्या एका मोबाइल होम पार्कचे ते मॅनेजर. चाकांवर आणून ठोकळ्यांवर टेकवलेली लांबट, पत्र्याची घरं. घर राहणाऱ्याचं, खालची जमीन पार्कची. राहणारे बहुतेक म्हातारे, एकटे. मॅनेजरला कोपऱ्यातलं एक घर फुकट. काका नागपूरचे, मी पुण्याचा. ओळख इंडियन ग्रोसरीत झाली. मी उचललेली तूरडाळीची पिशवी त्यांनी माझ्या हातून काढून घेतली. "हे नको नेऊ बाबू, शिजता शिजत नाही."

एका हिवाळ्यात अर्ल नावाच्या म्हाताऱ्याच्या दारातून उत्तरच आलं नाही. काकांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा खांद्याने दार फोडलं. अर्ल बाथरूममध्ये बेशुद्ध पडला होता. अँब्युलन्स येईपर्यंत काका त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुढे नवं दार त्यांनी स्वतःच बसवलं, तेही उलटं. बाहेर बघायचं भोक गुडघ्याशी आलं. "कुत्रं आलं तं दिसन," काका म्हणाले.

मग पार्क विकलं गेलं. नव्या कंपनीने मॅनेजरची योग्यता तपासायचं ठरवलं. पोलीस रेकॉर्ड, बोटांचे ठसे, ओळखीच्या माणसाला फोन. काकांना हे फार पटलं. "पाह्यलंच पाह्यजे ना! म्हातारी माणसं राहतात, कोणीही येऊन बसन." ठसे द्यायला ते टाय घालून गेले.

फोन मला आला, ऑफिसात. मी मीटिंग सोडून बाहेर आलो आणि रंगवून रंगवून अर्लची गोष्ट सांगितली.

"दार फोडायची परवानगी होती?" कंपनीच्या बाईंनी विचारलं.

"अहो, तो बेशुद्ध होता!"

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. "आणि हे दार वाजवणं रोजचं?"

"रोजचं! एक दिवस खाडा नाही," मी अभिमानाने म्हणालो.

पंधरा दिवसांनी काकांना पत्र आलं. रहिवाशाच्या घरात जबरदस्तीने प्रवेश. रहिवाशांना रोजचा उपद्रव. मॅनेजरपदासाठी अयोग्य. महिन्याभरात घर खाली करावं.

मी धावत गेलो. "काका, माझ्यामुळे झालं हे."

"खोटं बोलला का तू?"

"नाही."

"मंग?"

मी कंपनीला तीन फोन केले. फाइल बंद झाली होती. अर्लला एव्हाना वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये हलवलं होतं; त्याची साक्ष घ्यावी म्हणून तिथे गेलो. तो आता कुणालाच ओळखत नव्हता. त्याने मलाच विचारलं, "जेवण आणलंस का?"

शेवटच्या रविवारी सामान भरायला गेलो. दोन सुटकेसी, एक प्रेशर कुकर, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. ग्रीन्सबरोच्या एका मोटेलमध्ये काउंटरवर काम मिळालं होतं, राहायला मागची खोली. कागद आवरताना त्या तपासणीच्या अर्जाची कॉपी हाती लागली. ओळखीच्या तीन माणसांची नावं मागितली होती. पहिल्या ओळीत माझं नाव. खालच्या दोन ओळी कोऱ्या.

"काका, बाकीची दोन?"

ते कुकर टॉवेलमध्ये गुंडाळत होते. "चार दिवस विचार केला, बाबू. ती बाई म्हणे, एक असन तरी चालते."

माझी त्यांची भेट वर्षातून चार-पाच वेळा व्हायची, तीही बहुतेक दुकानात. माझ्या नावापुढे नात्याचा रकाना होता. तिथे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'नेफ्यू'.

मी कागद घडी करून सुटकेसमध्ये ठेवला आणि कुकर उचलून गाडीत नेऊन ठेवला.