निळं म्हंजी निल

लग्न होऊन मी गुलबर्ग्याला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या ओसरीवरून एक खणखणीत आवाज आला, "निळं!" आमच्या सासूबाई चुलीपुढूनच समाधानानं म्हणाल्या, "बरं झालं माय." मला वाटलं, शेजारी कुणी कापडं रंगवत असेल. भिंतीवरून डोकावले तर पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक गृहस्थ स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी धरून उभे होते, आणि नळीत काहीतरी उकळत होतं. काय उकळतंय, ते सासूबाईंनी सांगितलं. त्या दिवशी मला चहा गेला नाही.

हे वाघमारे सर. मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि सकाळी, शाळेच्या आधी, बायकोची लघवी तपासायचे. बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात आठ थेंब लघवी, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं लाल झालं तर दवाखाना गाठायचा. दवाखान्याच्या कागदावर साखरेपुढं 'निल' लिहिलेलं असे. त्यावर सरांचं ठरलेलं भाष्य होतं. "इंग्रजीत निल, मराठीत निळं, कन्नडात नीली. तिन्ही भाषांत साखर न्हाई. आता ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

सरांना गल्ली फुकट मिळाली होती, की गल्लीला सर, हे सांगणं अवघड आहे. रविवारी त्यांच्या ओसरीवर बाटल्यांची रांग लागायची. पाटलांची, कुलकर्ण्यांची, रेल्वेतल्या मुदलियारांची. सर वाघमारे, म्हणजे बौद्ध. त्यांच्या वडिलांना गावात पाण्याच्या आडाला शिवू देत नव्हते. आता तेच गाव, म्हणजे तसलीच माणसं, आपापलं पाणी बाटलीत घालून सरांच्या हातात देत होती. सर एकदा मला म्हणाले, "निळ्या पाण्याला जात कळत न्हाई बघ सूनबाई. तेवढ्यासाठीच मी विज्ञान घेतलो." आणि स्वतःच खूप हसले.

बाटल्यांच्या गमतीही व्हायच्या. करजगीहून सासूबाईंचे भाऊ आले आणि त्यांची नळी थेट लाल झाली. मामा भिंतीला टेकून बसले, मुलांची नावं घेऊ लागले. सरांनी बाटली उचलली, नाकाशी नेली, आणि विचारलं, आधी हिच्यात काय होतं? मामा म्हणाले, काकवी. "मग साखर बाटलीला झालीय, तुम्हाला न्हाई," असं म्हणून सरांनी त्यांना दुसरी बाटली दिली. आणखी एका गृहस्थाला सरांनी निरोप धाडला होता, की साखर तपासायची आहे, घेऊन या. ते रेशनची साखर पुडीत बांधून घेऊन आले आणि म्हणाले, मलाही तिच्यात रवा मिसळल्याचा संशय आहेच.

दवाखान्यातले कागदही लोक सरांकडूनच वाचून घ्यायचे. मुलाची टायफॉइडची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून एक बाप सरांकडे पेढे घेऊन आला होता. सरांनी त्याला खाली बसवून सांगितलं, की दवाखान्यात निगेटिव्ह माणूसच सुखी असतो, पोराला औषध चालू कर. पेढे मात्र त्यांनी ठेवून घेतले नाहीत. घरात गोड ठेवायची सोयच नव्हती.

कारण अक्का. सरांची बायको सगळ्या गल्लीची अक्का. गोरी, ठेंगणी, बोलायला लागली की थांबणं माहीत नसलेली. तिला साखरेचा आजार होता आणि साखरेचंच वेड होतं. कमठाण्याला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीलाही हाच आजार होता. तिचा पाय आधी काळा पडला, मग कापला, आणि वर्षभरात ती गेली. अक्काला मूल नव्हतं, सरांना दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा ती सकाळची नळी म्हणजे सरांचा जीवच टांगणीला लागलेला असे. गोळ्या वेळेवर, भात मोजका, गोड बंद. "निळं!" हे ओरडणं गल्लीसाठी नसायचं, त्यांच्या सुटलेल्या श्वासाचा तो आवाज होता.

अडचण सणांची होती. अक्काच्या घरी सण नव्हते, पण शेजारून ताटं यायची. नागपंचमीला शेंगांच्या होळग्या, म्हणजे दाण्याच्या गोड पोळ्या, आणि लाडू. अक्का म्हणायची, "एके काळी आमच्या दारावरनं वळून जाणारी माणसं ताट आणून देयलेत. नको कसं म्हणू?" ताट परत करणं तिच्या जिवावर यायचं आणि खाल्लं की नळी लाल व्हायची. मग अक्कानं युक्ती काढली. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या मागच्या दारानं यायची, सासूबाईंशी काही कुजबुजायची आणि पदराखाली बाटली घेऊन जायची. थोड्या वेळानं शेजारून "निळं!" ऐकू यायचं, आणि सासूबाई डोळे मिचकावायच्या. म्हणजे ते निळं आमच्या सासूबाईंचं असे.

एका वर्षी पंचमीला सासूबाई करजगीला माहेरी गेल्या. माझा मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मागच्या दारात उभी. "तुझी दे की ग पोरी, तू तर तरणीताठी हायस." मला हसू आवरेना, पण दिली.

त्या दिवशी "निळं" ऐकू आलं नाही. भिंतीवरून पाहिलं तर नळीत पिवळंधमक, जरा नारिंगीकडे झुकलेलं. नवल म्हणजे पिवळं बघून सरांचा चेहरा उतरला नाही, उलट उजळला. अक्काचा मात्र पांढराफटक पडला. ती नळीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग माझ्या कडेवरच्या बाळाकडे. आणि तिला एकदम रडू फुटलं.

"अवं, ते माझं न्हाई," ती म्हणाली. "ते ह्या पोरीचं हाय. मी लबाडी करायलते, सणासणाला करायलते. मला काय बोलायचं ते मागनं बोला, आधी हिला दवाखान्यात न्या. लेकरू अंगावर हाय हिच्या."

सरांनी मला एकच विचारलं, बाळ अंगावर पितंय ना? मी हो म्हटलं. तेव्हा ते म्हणाले, की पाजणाऱ्या बाईच्या लघवीत दुधाची साखर उतरते, निळ्या पाण्याला साखर तेवढी कळते, कुठली ते कळत नाही. अक्काचा विश्वास बसेना. तिच्या समाधानासाठी सर दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मला दवाखान्यात घेऊन गेले. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित निघाली. तो कागद अक्कानं, वाचता येत नसताना, तीनदा हातात घेऊन बघितला.

मग ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि सरांना म्हणाली, आता बोला. सर नळ्या विसळू लागले. तेव्हा तिनंच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"व्हय की. होळग्याचं ताट आलेल्या रातीनंतर सकाळी निळं? मी विज्ञानाचा मास्तर हाय ग. काल पिवळं दिसलं तेव्हा वाटलं, ह्या बारीला खरी बाटली दिली हिनं. बरं वाटलं."

"मग रागावला कामून न्हाई कधी?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "तुझ्या थोरलीला समदे रागवायचे," ते म्हणाले. "ती चोरून खायची, अन् एकटीच भ्यायची. पाय काळा पडला ते बी तिनं पातळाखाली झाकून ठिवलं. मी रागावलो असतो तर तू बी झाकली असतीस. खोटं निळं तर खोटं, मला कळत होतं की काल तू खाल्लीस. त्या दिवशी माझं पोट मुद्दाम दुखायचं. मी जेवत नव्हतो म्हणून तू बी नुसत्या ताकावर राहायचीस. तुझं लपवणं मला दिसत होतं, तेवढं मला पुरे होतं."

अक्कानं सरांच्या हातातला चष्मा घेतला आणि आपल्या पदरानं पुसून परत दिला.  मला तिथं उभं राहवेना. मी बाळाला घेऊन घरात आले आणि उगाचच त्याला छातीशी धरून बसले.

पुढं गौरीला आमच्या घरून ताट गेलं. सरांनी होळगी मोडून अर्धी अक्काच्या हातावर ठेवली, अर्धी स्वतः खाल्ली, आणि त्या रात्री भाताचं पातेलं चढलंच नाही. सकाळी अक्कानं आपलीच बाटली नेऊन दिली. ओसरीवरून नेहमीचाच खणखणीत आवाज आला.

"हिरवं! दोघांचं मिळून."